नवख्यांना ओपन सोर्स शिकवणाऱ्या संस्थेसाठी पैसा उभा करताना: आधी काय, मग काय

कॉलेजातली चार-पाच मुलंमुली रविवारी एकत्र जमतात, नवख्यांना गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिकवतात, एखाद्या ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा, प्रकल्पात पहिली दुरुस्ती पाठवायला मदत करतात. दोन तुकड्या छान होतात आणि मग पैशाची गरज पडते. इथपर्यंत सगळे नीट येतात. पुढे मात्र आधी देणगीचं बटण लागतं, मग कंपनीला मेल जातो, मग संस्था नोंदवायचं ठरतं आणि सगळ्यात शेवटी कुणीतरी विचारतं, खर्च नेमका किती? हा क्रम पूर्ण उलटा आहे. सोलापुरातल्या अशा एका संस्थेचे कागद आणि हिशेब मी सांभाळते. खाली लिहिलेलं बरंचसं परत आलेले अर्ज पुन्हा भरताना कळलेलं आहे.

## टप्पा १: एका तुकडीचा खर्च काढा

संस्थेचा वार्षिक खर्च आत्ता नको. वीस मुलं, एक खोली आणि ठरलेले रविवार, एवढ्याचाच हिशेब करा.

बहुतेक जण बारा रविवार धरतात. सोळा धरा. पहिले पाच-सहा रविवार टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी), गिट आणि प्रकल्पाचा इश्यू, म्हणजे नोंदवलेली अडचण, वाचायला शिकण्यात जातात. सातव्या-आठव्या आठवड्यात मुलं पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल घ्या' अशी विनंती, पाठवतात. त्यानंतर सुरू होतं वाट बघणं. समोरचा मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा माणूस, बहुतेकदा स्वतःची नोकरी सांभाळून हे काम करतो. उत्तर दुसऱ्या दिवशी येईल किंवा तीन आठवड्यांनी, आणि आलं तरी 'हे असं नको, तसं करा' असं येईल. मुलं गळतात ती याच काळात. बाराव्या आठवड्यात पैसे संपले तर समन्वयक नेमका तेव्हाच हात सोडतो, जेव्हा त्याची सगळ्यात जास्त गरज असते.

नमुन्यादाखल एक हिशेब. आकडे तुमच्या भावाने बदला, बाबी त्याच ठेवा.

- खोली: १,५०० रुपये × १६ = २४,०००
- इंटरनेट, चार महिने: ४,०००
- पुण्याहून येणाऱ्या मार्गदर्शकाचा प्रवास-मुक्काम, सहा फेऱ्या: १८,०००
- समन्वयकाचं मानधन, १२,००० × ४ = ४८,०००
- चहा-नाश्ता, २५ माणसं × ४० रुपये × १६ = १६,०००
- हिशेबनीस आणि ऑडिटचा वाटा: १०,०००

एकूण १,२०,००० रुपये, म्हणजे एका मुलामागे ६,०००. हा शेवटचा आकडा पाठ असू द्या, कारण देणारा माणूस तोच लक्षात ठेवतो. वापरलेले दहा लॅपटॉप प्रत्येकी १८,००० ने १,८०,००० होतात. ते वेगळ्या पानावर दाखवा. तो एकदाच होणारा खर्च आहे, तुकडीच्या खर्चात मिसळला की मुलामागचा आकडा फुगतो.

नेहमीची चूक: समन्वयकाचं मानधन शून्य दाखवणं. 'आमचे लोक सेवा म्हणून करतात' हे ऐकायला चांगलं वाटतं. पण मुलांना मधल्या वारी फोन करणारा, लॅपटॉप दुरुस्तीला टाकणारा, खोलीची किल्ली आणणारा माणूस चौथ्या महिन्यात थकतो. पुढच्या वर्षी मानधन मागितलं की देणगीदार विचारतो, गेल्या वर्षी कसं चाललं होतं?

तपासा: सोळा रविवारांत विद्यापीठाच्या परीक्षा येतात का? गड्ड्याच्या यात्रेचा आठवडा येतो का? जानेवारीच्या त्या दिवसांत वर्ग ठेवलात तर खोली रिकामी राहते आणि भाडं जातंच.

## टप्पा २: संस्था नोंदवा, पण सात माणसं बघून निवडा

महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सभासद लागतात आणि त्याच संस्थेची महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंद होते. सोलापूर जिल्ह्यासाठी हे काम इथल्याच धर्मादाय कार्यालयात होतं. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी हा दुसरा मार्ग. तिला दोन संचालक पुरतात, पण दरवर्षीचा अनुपालनाचा खर्च जास्त. लहान गटाला मी संस्थाच सुचवते.

आता सात माणसं. उत्साहात सगळी शेवटच्या वर्षाची मुलं घेतली जातात. वर्षभरात पाच जण पुण्याला, एक बेंगळुरूला आणि सोलापुरात एकटा खजिनदार. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिला नाही तर धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत जुनीच नावं राहतात, बँक सह्या बदलून देत नाही आणि कंपनीकडून कागद परत येतो. एखादे प्राध्यापक, एक सीए, एक ग्रंथपाल, गावातच दवाखाना असलेले डॉक्टर, अशी सोलापूर न सोडणारी माणसं किमान चार तरी घ्या. मुलांना कार्यक्रम समितीत ठेवा, तिथे त्यांची खरी गरज आहे.

घटनेतले उद्देश दुसऱ्या संस्थेच्या घटनेतून उतरवू नका. 'संगणक व मुक्त स्रोत सॉफ्टवेअर विषयाचं शिक्षण आणि रोजगारक्षम कौशल्य प्रशिक्षण देणे', 'मराठी व अन्य भारतीय भाषांत सॉफ्टवेअर उपलब्ध करण्यास साहाय्य करणे', अशी स्वच्छ वाक्यं हवीत. पुढचे सगळे अर्ज याच वाक्यांवर उभे राहतात.

इशारा: आयकराच्या नजरेत 'शिक्षण' हा शब्द तुम्हाला वाटतो तेवढा सैल नाही. २०२२ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनंतर त्याचा अर्थ शाळा-कॉलेजच्या पद्धतशीर शिक्षणाकडे झुकलाय. तुमचं काम 'सर्वसाधारण लोकोपयोगी' गटात धरलं गेलं, तर शुल्क घेऊन केलेल्या व्यावसायिक स्वरूपाच्या कामातून येणारी रक्कम एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत ठेवावी लागते. कंपन्यांसाठी पैसे घेऊन प्रशिक्षण देऊन संस्था चालवू, असं ठरवत असाल तर आधी सीएसोबत बसा.

## टप्पा ३: पॅन, बँक, १२ए, ८०जी

क्रम असा: संस्थेच्या नावाचा पॅन, मग दोन सह्यांचं बँक खातं, मग १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत). नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणी मोफत आहे, तीही याच वेळी उरका.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाल्यामुळे कलमांचे आकडे बदललेत. बोलताना मात्र सगळे अजून १२ए आणि ८०जीच म्हणतात, म्हणून मीही तेच शब्द ठेवते. फॉर्मचा चालू क्रमांक सीएकडून लिहून घ्या.

नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. तारीख चुकते ती इथेच. नियमित नोंदणीचा अर्ज काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, किंवा तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपण्याच्या सहा महिने आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा करायचा असतो. 'तीन वर्षं आहेत की' म्हणून बसून राहिलात तर अडकलात.

देणगीदाराशी बोलण्याआधी एवढं माहीत असू द्या:

- ८०जी खाली २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर सवलत मिळत नाही.
- वस्तूच्या देणगीवर सवलत नाही. कुणी जुने लॅपटॉप दिले तर वस्तूची पावती द्या आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये मालिका क्रमांकासह नोंद करा.
- नव्या करप्रणालीतल्या व्यक्तीला ८०जी ची सवलत मिळत नाही. आता बरेच पगारदार तिकडेच आहेत. 'कर वाचेल' असं सरसकट सांगत फिरू नका, माणूस रिटर्न भरताना दुखावतो.
- आर्थिक वर्ष संपलं की ३१ मेपर्यंत देणग्यांचं विवरण भरून देणगीदारांना प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्यासाठी प्रत्येकाचं नाव, पत्ता आणि पॅन पावतीच्या वेळीच घ्या. मे महिन्यात सत्तर जणांना पॅनसाठी फोन करणं फार जड जातं.

इशारा: वर्गणी कुणाच्याही खासगी यूपीआयवर घेऊ नका, एका दिवसासाठीसुद्धा नाही. 'खातं उघडलं की वळती करू' म्हणून घेतलेली रक्कम त्या माणसाच्या खात्यात दिसते आणि उत्तर त्यालाच द्यावं लागतं. संस्थेच्या नावाचा क्यूआर आल्यावरच हात पुढे करा. संस्थेच्या नावावर कर्ज काढण्यासाठीही धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, हेही खजिनदाराला सांगून ठेवा.

## टप्पा ४: पहिली दोन-तीन वर्षं गावातल्या पैशावर

मोठा निधी पहिल्या वर्षी येत नाही. येऊही नये, कारण तो खर्चायची सवय संस्थेला अजून झालेली नसते. पहिली यादी पन्नास नावांची करा: इथून शिकून पुण्यात नोकरी करणारे माजी विद्यार्थी, कॉलेजचे शिक्षक, सीए, डॉक्टर, एमआयडीसीतले कारखानदार, युनिफॉर्मचे व्यापारी. प्रत्येकाला एका मुलाचे ६,००० किंवा अर्धे ३,००० मागा. 'जमेल तेवढं द्या' म्हटलं की ५०० येतात.

कारखानदाराला ओपन सोर्स समजावताना आम्ही आधी फार चुकलो. स्वातंत्र्य, समुदाय, परवाने असं बोलायचो आणि समोरचा घड्याळ बघायचा. अक्कलकोट रोडवरच्या एका चादर कारखान्यात मालकांनी सरळच विचारलं, "मॅडम, फुकटच वाटायचं म्हणता, मग पोरांच्या हातात काय पडणार?" मी त्यांच्याच जकार्ड मागाकडे बोट दाखवलं. समजा, या नक्षीची कार्डं सगळ्या गावाला खुली आहेत. कुणीही विणावं, आणि ज्याला चूक सापडेल त्याने कार्ड सुधारून परत द्यावं, स्वतःचं नाव लिहून. मग लॅपटॉप उघडला. आमच्या तुकडीतल्या मुलीने एका ऑफिस सॉफ्टवेअरच्या मेनूतला चुकीचा मराठी शब्द दुरुस्त केला होता. ती ओळ, तारीख आणि तिचं नाव पडद्यावर होतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून नाव दोनदा वाचलं. नाव पूर्व भागातलं, त्यांच्या ओळखीच्या आडनावाचं. "हे कुणी पुसू शकत नाही?" म्हणाले. नोंद इतिहासात राहते, नोकरी देणारा ती उघडून बघू शकतो, असं मी सांगितलं. त्या दिवशी चार मुलांचा चेक मिळाला.

तेव्हापासून आमच्या भेटीत आधी पडदा, मग कागद. तुमच्याकडे दाखवण्यासारखी एक तरी स्वीकारलेली दुरुस्ती हवी. ती नसेल तर पैसे मागायला जाऊ नका, आधी एक तुकडी पदरच्या खर्चाने पूर्ण करा.

भाषांतराचं काम दाखवायला सोपं जातं आणि सोलापूरला ते जवळचंही आहे. एकाच वर्गात घरी मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुलं असतात. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस दोन्हींत मराठी भाषांतराला जागा आहे. फक्त घरी तेलुगू बोलणाऱ्या प्रत्येकाला तेलुगू लिपी येते असं धरून चालू नका. आम्ही धरलं होतं, प्रस्तावात लिहिलंही होतं, आणि तीन मुलांना ऐनवेळी मराठीकडे वळवावं लागलं.

फॉस युनायटेडसारखी भारतीय ना-नफा संस्था भारतातल्या ओपन सोर्स समुदायांना आणि प्रकल्पांना अनुदान देते, तिच्याकडे या टप्प्यावर अर्ज करता येतो. झिरोधाने २०२४ मध्ये सुरू केलेला फ्लॉस फंड मात्र वेगळा आहे. वर्षाला दहा लाख डॉलरचा तो निधी वापरात असलेल्या ओपन सोर्स प्रकल्पांसाठी आहे, शिकवणीसाठी नाही. 'ओपन सोर्सला पैसे देतात' एवढं ऐकून तिकडे अर्ज पाठवणारे खूप आहेत.

तपासा: मिळालेला प्रत्येक रुपया कुठल्या तुकडीच्या नावे आहे, हे खतावणीत दिसतं का?

## टप्पा ५: सीएसआर

निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यातली एक तरी रेषा गाठणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. यालाच सीएसआर म्हणतात. कायदा म्हणतो की कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं. म्हणून मुंबईच्या मोठ्या नावांमागे धावण्याआधी चिंचोळी आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचा. सीएसआरचा खर्च कुठे गेला हे त्यात छापलेलं असतं.

सीएसआरची रक्कम वर्षाला ५० लाखांच्या आत असेल तर कंपनीला वेगळी समिती नेमावी लागत नाही, निर्णय संचालक मंडळच घेतं. आपल्या भागातल्या अनेक मध्यम कंपन्यांना हे लागू पडेल. अशा ठिकाणी 'सीएसआर विभाग प्रमुख' असं पत्र लिहिलंत तर ते टेबलावरच पडून राहतं. कंपनी सचिव किंवा संचालकाच्या नावाने लिहा.

तुमच्या बाजूने तीन गोष्टी हव्यात: १२ए आणि ८०जी, कंपनी मंत्रालयाकडे भरलेला सीएसआर-१ फॉर्म आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव. तिसरी गोष्ट नसताना अर्ज केलात तर तो गुणवत्तेवर वाचलाही जात नाही.

मग तीन वर्षं काय करायचं? ज्या जुन्या शिक्षण संस्थेकडे सीएसआर-१ आहे तिच्या छत्राखाली काम करता येतं. पैसा तिच्या खात्यात, खर्च तिच्या व्हाउचरवर, शिकवणं तुमचं. सामंजस्य करारात दोन ओळी नक्की घाला: बिल दिल्यावर किती दिवसांत पैसे सुटतील आणि तुकडी संपल्यावर वस्तू कुणाच्या. आम्ही दुसरी ओळ घातली नव्हती. काम संपल्यावर दहाही लॅपटॉप त्या संस्थेच्या प्रयोगशाळेत राहिले आणि कागदावर त्यांचंच बरोबर होतं.

प्रस्तावाची भाषा कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ ची, म्हणजे सीएसआरमध्ये बसणाऱ्या कामांच्या यादीची, असावी.

चुकीचं: 'विद्यार्थ्यांना ओपन सोर्स योगदानाची ओळख करून देणे.'
बरोबर: 'सोलापूर शहरातील २० विद्यार्थ्यांना १६ आठवडे रोजगारक्षम सॉफ्टवेअर कौशल्याचं प्रशिक्षण; खर्च प्रति विद्यार्थी ६,००० रुपये.'

कंपनीचा नामफलक लावण्याआधी थांबा. कृतज्ञता म्हणून दात्याचं नाव लिहिणं वेगळं, कंपनीच्या मालाची जाहिरात करणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात ती देणगी राहत नाही, जाहिरातीची सेवा ठरते आणि जीएसटीचा प्रश्न उभा राहतो. विपणनाच्या फायद्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्येही धरत नाहीत.

वेळ: एप्रिल ते जून हे बोलण्याचे महिने. फेब्रुवारीत गेलात तर 'मार्चअखेर खर्चून दाखवा' अशी अट पडेल आणि सोळा रविवारांची तुकडी सहा आठवड्यांत कोंबावी लागेल.

## टप्पा ६: परदेशी पैसा सगळ्यात शेवटी

ओपन सोर्सच्या जगात देणगीचं बटण लावणं साधी गोष्ट आहे. गिटहबवर (कोड ठेवायच्या संकेतस्थळावर) लावा, आणखी कुठे लावा, दोन मिनिटांचं काम. भारतातल्या नोंदणीकृत संस्थेसाठी मात्र एफसीआरए २०१० (परदेशी योगदानाचं नियमन करणारा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय परदेशी योगदान घेणं हा गुन्हा आहे. रक्कम किती लहान, याला महत्त्व नाही. परदेशी नागरिकाने सोलापुरात येऊन रुपयांत दिलेली देणगीही परदेशीच.

आमच्या एका स्वयंसेवकाने चांगल्या मनाने असं बटण लावलं. अकराव्या दिवशी कुणीतरी तीस डॉलर दिले. रक्कम अजून त्या मंचाकडेच होती, बँकेत आली नव्हती, म्हणून परत पाठवता आली. पुढचे दोन दिवस मी बटण काढल्याच्या, रक्कम परत गेल्याच्या पानांच्या प्रती काढून फाइल करत होते.

लक्षात ठेवायचा फरक पासपोर्टचा आहे, पत्त्याचा नाही. भारतीय नागरिक दुबईत राहत असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देत असेल, तर ते परदेशी योगदान नाही. सोलापुरातच जन्मलेला पण अमेरिकन नागरिकत्व घेतलेला मित्र ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) कार्डधारक असला तरी परदेशी स्रोतच. माजी विद्यार्थ्यांच्या यादीत नागरिकत्वाचा रकाना आणि पासपोर्टची प्रत, दोन्ही ठेवा. विचारायला संकोच वाटतो, तरी विचारा.

नोंदणीसाठी संस्थेला किमान तीन वर्षं झालेली असावीत आणि मागच्या तीन वर्षांत उद्देशांवर १५ लाख रुपये खर्च झालेले असावेत. खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत उघडावं लागतं, प्रशासकीय खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा आहे आणि ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. वर्षाला दोन तुकड्या घेणाऱ्या संस्थेला याची गरज बहुधा पडत नाही.

इशारा: गूगल समर ऑफ कोड किंवा आउटरीची या ओपन सोर्समध्ये काम करायला मानधन देणाऱ्या उपक्रमांचं मानधन थेट मुलाच्या खात्यात येतं, तसंच येऊ द्या. ते संस्थेमार्फत फिरवू नका आणि त्यातला 'संस्थेचा वाटा' ठरवू नका. तो पैसा मुलाच्या श्रमाचा आहे.

## टप्पा ७: काय मोजायचं

प्रस्तावात 'तुकडीतून ५०० पुल रिक्वेस्ट' असं लिहिलंत की मुलं स्वल्पविराम बदलून ५०० पाठवतील. डिजिटल ओशन कंपनीच्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यांना बक्षीस देणाऱ्या ऑक्टोबरच्या उपक्रमात, २०२० मध्ये टी-शर्टसाठी असंच झालं. निरर्थक दुरुस्त्यांचा इतका पूर आला की डिजिटल ओशनला नियम मध्येच बदलून, ज्यांना हवं त्याच प्रकल्पांना सहभागी करावं लागलं. तुमच्या आकड्याची किंमत कुठला तरी मेंटेनर आपल्या रात्रीच्या झोपेतून मोजत असतो, म्हणून तुकडी सुरू होण्याआधी दोन-तीन प्रकल्पांना लिहून विचारा: वीस नवखे येताहेत, चालेल का?

दात्याला तीनच आकडे द्या. वीसपैकी कितीजण शेवटपर्यंत आले, कितीजणांचं किमान एक काम स्वीकारलं गेलं आणि सहा महिन्यांनी कितीजण अजून करताहेत. यासाठी पहिल्या रविवारपासून एक साधी नोंदवही ठेवा: तारीख, मुलाचं नाव, प्रकल्प, दुवा, कामाचा प्रकार, स्थिती. मुलांची नावं दात्याला दाखवण्याआधी त्यांची संमती घ्या.

तुकडी संपल्यावर पंधरा दिवसांत एक पान पाठवा. खर्चाच्या सहा बाबी, ठरलेली रक्कम, झालेली रक्कम, फरकाचं कारण. न जमलेलंही लिहा. गेल्या वेळी आम्ही लिहिलं होतं: 'सहा मुलांची कामं अजून तपासणीच्या रांगेत आहेत, चार मुलं परीक्षेमुळे थांबली, मार्गदर्शकाची एक फेरी रद्द झाल्याने ३,००० रुपये शिल्लक.' त्यावर चादर कारखान्यातून फोन आला. ते ३,००० परत नकोत, पुढच्या तुकडीत अर्धं मूल धरा, म्हणाले.